लोकेशन सांगायचं नाही!

घोरपड आपल्याला नवी नाही. तानाजीची यशवंती ऐकतच आपण मोठे झालो. (ती गोष्ट खरी की दंतकथा, हे इतिहासाच्या सरांना आणि झूऑलॉजीच्या मॅडमना एकाच वेळी विचारू नका, लेक्चर बुडेल.) घोरपडीवरून आलेलं आडनाव आपल्या वर्गात एखाद्याचं तरी असतंच. पण या घोरपडीची एक दूरची चुलत बहीण आहे आणि ती बोर्निओ बेटाच्या जंगलात राहते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचं शास्त्रीय नाव 'लँथॅनोटस बोर्नीएन्सिस'. बाहेरून दिसणारं कानाचं छिद्रच नाही, म्हणून तिला बिनकानी घोरपड म्हणतात.

दिसायला ती भारी आहे. लांबी शेपटीसकट साधारण चाळीस सेंटिमीटर. अंग तपकिरी, पाय आखूड, डोळे बारीक, जीभ सापासारखी दुभंगलेली. पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत खडबडीत उंचवट्यांच्या रांगा. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला ड्रॅगन कुणीतरी गरम पाण्यात धुऊन आटवला, तर असा दिसेल. दिवसा ती ओढ्याकाठी दगडांखाली, चिखलात, पाण्यात दडून बसते आणि रात्री गांडुळं, खेकडे असलं काहीबाही शोधत फिरते. फिरते म्हणजे काय, बहुतेक वेळ ढिम्म पडून असते. तिच्या कुळात आज जिवंत असलेली ती एकटीच जात. भाऊबंद सगळे जीवाश्मांत.

१८७०च्या दशकात व्हिएन्नाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्झ श्टाइंडाख्नर यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतर कित्येक दशकं ती म्हणजे बाटलीतले मोजके नमुने एवढंच. १९६१ मध्ये सारावाकमधल्या निआह गुहांच्या परिसरात एक जिवंत सापडली, तेव्हा जगभरच्या सरीसृपतज्ज्ञांमध्ये खळबळ उडाली. पुढं पुन्हा शांतता. ज्यांनी उभं आयुष्य सरड्या-पालींच्या अभ्यासात घालवलं, त्यांच्यातल्याही बहुतेकांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. जंगलात राहणाऱ्या स्थानिकांना अर्थातच ती माहीत असणार, पण त्यांना कोण विचारतो!

आता गंमत ऐका. गंमत कसली, शोकांतिकाच म्हणा. २०१२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बिनकानी घोरपड बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, पश्चिम कालीमंतान प्रांतात सापडल्याची ती पहिली शास्त्रीय नोंद होती. नियतकालिक आपल्याच देशातलं, कोइम्बतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'. म्हणजे संकटात सापडलेल्या जीवांसाठीच चालवलेलं, आणि कुणालाही फुकट वाचता यावं म्हणून सगळं खुलं ठेवणारं. संशोधकांचा हेतू चोख होता: ही जात इथंही आहे, हे जंगल जपा. प्रांताचं नाव निबंधाच्या शीर्षकातच होतं.

तो निबंध संवर्धनवाल्यांनी वाचला, तसाच दुसऱ्या मंडळींनीही वाचला. एक-दोन वर्षांत इंटरनेटवर जिवंत बिनकानी घोरपडी विक्रीला दिसू लागल्या. आधी जपान, मग युरोप. एकेका जोडीला काही हजार युरो. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेनं २०१४ मध्ये यावर आख्खा अहवाल काढला. २०१५ मध्ये जकार्ताच्या विमानतळावर एक जर्मन नागरिक आठ घोरपडी घेऊन जाताना पकडला गेला. जी जात शंभर वर्षं तज्ज्ञांना मिळत नव्हती, ती हौशी संग्राहकांच्या काचेच्या पेट्यांत जाऊन बसली.

यात कायद्याचा एक झोल आहे आणि लॉच्या विद्यार्थ्यांनी तो मुद्दाम समजून घ्यावा. मलेशियातलं सारावाक, ब्रुनेई आणि इंडोनेशिया, तिन्हीकडे हा प्राणी १९७०-८०च्या सुमारापासूनच संरक्षित होता. पकडणं गुन्हा, बाहेर नेणं गुन्हा. पण तो 'साईट्स' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत नव्हता. त्यामुळे एकदा का विमानतळ ओलांडून युरोपात पोहोचला, की तिथं त्याची खरेदी-विक्री उघडपणे चालायची. चोरी केलेली बाईक राज्याची हद्द ओलांडली की कायदेशीर, अशी कल्पना करा. तसंच हे! शेवटी २०१६ च्या जोहान्सबर्गच्या बैठकीत निर्णय झाला आणि २०१७ पासून ती साईट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. जंगलातून पकडलेल्या प्राण्यांच्या व्यापाराचा कोटा शून्य. मलेशियाची मागणी खरं तर पहिल्या परिशिष्टाची, म्हणजे अधिक कडक बंदीची होती. ती मान्य झाली नाही. पैदास केंद्रात जन्मलेल्या पिल्लांच्या व्यापाराला वाट राहिली. आणि एखादी घोरपड पेटीत जन्मली की ओढ्यातून उचलली, हे ती स्वतः थोडीच सांगणार?

ही काही एकट्या बिनकानीची कथा नव्हे. २००६ मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली होती: नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध होणं हेच तिच्या मुळावर येऊ शकतं. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत चीनमधली एक सुंदर, लाल डोळ्यांची जमिनीवरची पाल होती, गोनिउरोसॉरस लुई. १९९९ मध्ये तिचं वर्णन छापलं गेलं आणि ज्या ठिकाणाची नोंद होती, तिथून ती संपली. अक्षरशः उचलून नेली. निबंध तस्करांसाठी पत्त्याची चिठ्ठी ठरला. तेव्हापासून त्या कुळातल्या नव्या जातींचं वर्णन करताना काही संशोधकांनी ठिकाण छापणंच सोडलं. शास्त्राच्या परंपरेत हे जवळजवळ पाप. नमुना कुठून आणला हे न सांगणारा निबंध एरवी कुठलाही संपादक परत पाठवेल.

आता तुम्ही म्हणाल, कुठं बोर्निओ, कुठं चीन, आमचा काय संबंध?

आहे की. पहिला संबंध आपल्या खिशात आहे. सह्याद्रीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत छोट्या पालींच्या किती नव्या जाती सापडल्या आहेत बघा. निमॅस्पिस या कुळातल्या बोटभर पाली, दिवसा झाडांवर-दगडांवर फिरणाऱ्या, गोल बाहुलीच्या डोळ्यांच्या. त्यातल्या एकीच्या नावातच कोल्हापूर आहे. निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस, २००९ मध्ये दाजीपूरच्या जंगलातून जगासमोर आली. हिच्यावर प्रकाश पडला की अंगावर इंद्रधनुषी झाक दिसते. यातल्या कित्येक जाती एकाच डोंगरावर, एकाच देवराईत, एकाच घाटात आहेत. बाकी जगात कुठंच नाहीत. याच कुळाशी जवळीक असलेली व्हिएतनामची एक भडक रंगांची पाल फक्त दोन-तीन छोट्या बेटांवर राहते. २०१० मध्ये तिचं वर्णन झालं आणि काही वर्षांतच तिला साईट्सच्या पहिल्या परिशिष्टात घालावं लागलं. म्हणजे रंग छान, जागा लहान आणि पत्ता ठाऊक, एवढं जुळलं की झालं.

आणि आपण काय करतो? पावसाळा लागला की आंबोली, कोयना, भीमाशंकर. रात्री टॉर्च घेऊन बेडूक-साप बघायला जाणं ही आता फॅशन आहे आणि ती चांगलीच आहे, आम्ही नाक मुरडणार नाही. मोबाइलवर गेम खेळत पडण्यापेक्षा मलबार पिट वायपर बघायला चिखल तुडवणं केव्हाही उत्तम. पण फोटो काढला की तो लगेच इन्स्टावर, लगेच लोकेशन टॅग, खाली कुणीतरी विचारतो 'ब्रो, एक्झॅक्ट स्पॉट?' आणि आपण प्रेमानं सांगतो की, अमुक देवळाच्या मागं, ओढा ओलांडून डावीकडचं तिसरं झाड. विचारणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच हौशी असतो. बहुतेक वेळा. पण शंभरातला एक नसेल, तर त्याला ओळखण्याचं यंत्र आपल्याकडे आहे का?

शास्त्रज्ञाचा निबंध छापून यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आपली रील तीस सेकंदांत जाते.

दुसरा संबंध खुद्द आपल्या घोरपडीचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तरीही 'हाताजोडी' नावाची एक वस्तू पूजा-साहित्याच्या दुकानात आणि ऑनलाइन बिनदिक्कत विकली जायची. हात जोडल्यासारखी दिसणारी दुर्मीळ मुळी, घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. २०१७ च्या सुमारास तपासणीत उघड झालं की ही मुळीबिळी काही नाही. घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारांवरही ते विकायला होतं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन नोकरीसाठी हाताजोडी मागवणारे महाभाग आपल्या ओळखीत असतील, तर त्यांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

तिसरा संबंध वडापावातून जातो. बोर्निओत बिनकानी घोरपडीला तस्करांपेक्षाही मोठा शत्रू आहे, तो म्हणजे तुटणारं जंगल. सखल भागातलं जंगल साफ करून तिथं मैलोन्‌मैल तेलमाडाची लागवड झाली आहे. या माडाचं पाम तेल जगात सगळ्यात जास्त आयात करणारा देश भारत आहे आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातूनच येतं. बिस्किट, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, साबण, सगळ्यात ते असतं. 'पाम तेल बंद करा' अशी घोषणा द्यायला सोपी आहे, पण ती आम्ही देणार नाही. तेवढंच तेल सोयाबीन किंवा सूर्यफुलातून काढायचं तर कितीतरी अधिक जमीन लागते. शिवाय ही घोरपड लागवडीच्या आसपासच्या दगडी ओढ्यांमध्येही तग धरून असल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ओढ्याकाठची झाडी राखली, पाणी स्वच्छ ठेवलं, तर काही आशा आहे. पण तस्करांनी ओढा रिकामा केला तर झाडी राखून काय उपयोग, हाही प्रश्न उरतोच.

आता उलट बाजू. ठिकाण लपवायचं, एवढं म्हणून सुटका होत नाही, आणि या मुद्द्यावर वाद घालणारे काही मूर्ख नाहीत. समजा, एखाद्या पठारावर खाण येणार आहे. पर्यावरण परिणामांचा अहवाल बनतो. त्या पठारावर एक दुर्मीळ पाल राहते हे फक्त दोन संशोधकांना माहीत आहे आणि त्यांनी ते 'तिच्या भल्यासाठी' गुप्त ठेवलं आहे. अहवालात येणार, 'विशेष महत्त्वाचे प्राणी आढळले नाहीत'. खाणीला परवानगी. पाल गेली, गुपितही गेलं. कागदावर नसलेल्या जीवासाठी कुठलंच न्यायालय स्थगिती देत नाही. तस्कर दहा पाली नेतो, बुलडोझर सगळ्या नेतो.

म्हणून प्रश्न 'सांगायचं की नाही' असा नसून 'कुणाला सांगायचं' असा आहे. वनखात्याला सांगायचं. जैवविविधता मंडळाला, अभ्यासकांना, आणि सगळ्यात आधी त्या गावाला सांगायचं. रील बघणाऱ्या अनोळखी पन्नास हजारांना सांगायची गरज नाही. हे तंत्रानं जमतंही. 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातीचा फोटो टाकला, की नकाशावरचा नेमका बिंदू आपोआप धूसर होतो आणि वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी दिसतो. संशोधकाला नेमकं ठिकाण हवं असेल तर त्यानं रीतसर मागावं. पक्षीनिरीक्षकांच्या 'ई-बर्ड'वरही काही संवेदनशील जातींच्या जागा लपवल्या जातात. इन्स्टाग्रामला मात्र घोरपड काय आणि कॅफेतली कोल्ड कॉफी काय, दोन्हीचं लोकेशन सारखंच.

गावाला आधी सांगायचं, असं आम्ही म्हटलं ते उगाच नाही. त्यासाठी कॅरिबियनमध्ये जावं लागेल. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स हा देश आपल्याला माहीत असतो तो वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळे, अर्नोस वेलच्या मैदानामुळे. याच देशात युनियन आयलंड नावाचं सुमारे नऊ चौरस किलोमीटरचं बेट आहे. तिथल्या चॅटम बे या उपसागराच्या वरच्या उतारावर कोरडं, जुनं जंगल आहे. २००५ मध्ये त्या जंगलातून एका पालीची नोंद झाली. आकार कागदाच्या क्लिपेएवढा, अंगावर लाल-पांढरे-काळे डोळ्यांसारखे ठिपके, जणू कुणी नक्षी काढली आहे. सगळ्या जगात तिचं घर म्हणजे तो एवढासा उतार, पन्नासेक हेक्टर. नाव गोनॅटोडिस डॉडिनी. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वर्णन छापलं गेलं आणि युरोपातले शौकीन तिला शोधू लागले. पालींसाठी दगड उलथे, लाकडं फोडलेली, असं जंगल दिसू लागलं.

पण इथं गोष्ट वळली. बेटावरच्या लोकांनी स्वतःच गस्त सुरू केली. स्थानिक तरुण वनरक्षक म्हणून उभे राहिले. वनखातं, बेटावरची पर्यावरण संघटना आणि 'फॉना अँड फ्लोरा' ही संस्था एकत्र आली. रात्रंदिवस पहारा, कॅमेरे. २०१९ मध्ये साईट्सच्या जिनिव्हा बैठकीत ही पाल थेट पहिल्या परिशिष्टात गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. (त्याच बैठकीत भारताच्या मागणीवरून आपलं तारांकित कासवही पहिल्या परिशिष्टात गेलं. त्याचीही तस्करी अशीच बॅगा भरभरून चालते.) २०१८ मध्ये बेटावर या पाली दहा हजारांच्या आसपास असाव्यात असा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत तो आकडा अठरा हजारांच्या घरात गेला. चार वर्षांत जवळपास ऐंशी टक्के वाढ, आणि तीही प्रयोगशाळेत पैदास न करता. फक्त चोर थांबवले, बाकीचं पालींनी बघितलं.

तिथं पत्ता जगजाहीर होता. लपवायला काही उरलंच नव्हतं. म्हणून त्यांनी पहारा बसवला. आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या छोट्याशा माशाची नवी जात सापडल्यावर राज्य सरकारनं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळाचं कुंड लपवणार कसं? तिथं संरक्षणच द्यायला हवं होतं आणि ते कागदावर तरी दिलं गेलं. पण घाटातल्या प्रत्येक ओढ्यावर कॅमेरा लावणं शक्य नाही. जिथं पहारा नाही तिथं मौन पाळणं, एवढा साधा हिशेब आहे.

पेट शॉपबद्दलही दोन शब्द बोललेच पाहिजेत. हल्ली होस्टेलच्या खोलीत इग्वाना, बॉल पायथन, लेपर्ड गेको पाळणं 'कूल' झालं आहे. सगळेच बेकायदा नसतात. पण २०२२ च्या दुरुस्तीनं आपल्या वन्यजीव कायद्यात साईट्सच्या प्राण्यांसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. त्या यादीतला जिवंत परदेशी प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी बंधनकारक आहे. 'दुकानदार म्हणाला, पेपर आहेत' हे उत्तर चालणार नाही. पेपर मागून बघा, वाचून बघा. बँकॉकहून मुंबईला आलेल्या बॅगांत मोज्यात गुंडाळलेले साप-सरडे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या बॅगा कुणासाठी आल्या होत्या? गिऱ्हाईक इथलंच आहे. कदाचित आपल्याच वयाचं.

कॉलेज सुरू होतंय, नेचर क्लबच्या बैठका होतील, पहिल्या ट्रेकच्या तारखा ठरतील. त्या बैठकीत रेनकोट आणि वर्गणीबरोबर आणखी तीन गोष्टी ठरवून टाका. ट्रेकला निघताना मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद, कारण फोटोच्या फाइलमध्येही ठिकाणाचे आकडे गुपचूप बसलेले असतात. फोटो टाकायचाच तर 'सह्याद्री' किंवा फार तर जिल्हा, आणि तोही घरी परतल्यावर, मागचा धबधबा नि देऊळ कापून. आणि काही वेगळं, ओळखता न येणारं दिसलं, तर आधी मॅडमना किंवा वनरक्षकाला दाखवायचं, मग जगाला. कुणी डीएममध्ये 'एक्झॅक्ट स्पॉट' विचारलंच, तर त्याला म्हणा, ये की क्लबच्या मीटिंगला, शनिवारी चार वाजता.